मागच्या खोलीतलं धुराडं

प्रिय ठोंब्या,

बाबा बरे आहेत, मी बरी आहे, घरही जागच्या जागी आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण मी काही सांगायला बसले की मुळापासून सुरू करते आणि तोवर ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. तेव्हा आता चहा घे, पाय वर घेऊन बस आणि निवांत वाच. जे व्हायचं ते होऊन गेलंय आणि त्यातून आम्ही दोघंही सुखरूप बाहेर आलोय. फोनवर हे सांगणं जमलं नसतं. एक तर फोन लावला की बाबा नेमके त्याच खोलीत काहीतरी शोधायला येतात. दुसरं म्हणजे तू मला बोलूच देत नाहीस. ‘बरी आहेस ना, औषध घेतेस ना’ एवढं विचारतोस आणि ‘ठेवतो’ म्हणतोस. पत्राला ठेवतो म्हणता येत नाही.

बाबांचं धुराडं तुला माहीत आहेच. निवृत्त झाल्यावर त्यांनी लिफ्टच्या कंपनीतून भंगारात निघालेलं लोखंडी कपाट आणलं, त्याच्या आत जाळ्या बसवल्या, खाली निखाऱ्यांसाठी तबक केलं आणि अंगणात मासे, चीज, कोंबडी, हाताला लागेल त्याला धुरी द्यायला लागले. सुरुवातीला मला वाटलं होतं, माणसाला रिकामं बसवत नाही, चार महिने करतील आणि सोडतील. पण गेली दोन वर्षं ते धुराड्याचेच झाले होते. सकाळी जायचे ते जेवायला आत यायचे, पुन्हा जायचे. आजूबाजूची माणसं मासे आणून द्यायला लागली. पोरं त्यांना धूरवाले आजोबा म्हणायला लागली. मला कळत होतं की त्यांना माशांची एवढी ओढ नाहीये. धुराड्यासमोर उभं राहिलं की कुणाशी बोलावं लागत नाही, आणि डोळ्यांत पाणी आलं तर कुणी कारण विचारत नाही, एवढंच. मीही विचारलं नाही. त्यांचं ते ठिकाण होतं, तिथे त्यांना बरं वाटायचं.

यंदा थंडी लवकर आली आणि आली ती दात विचकतच. अंगणात बर्फ साचून घट्ट झाला. त्यावरून बाबा घसरले. हाड मोडलं नाही, पण गुडघा सुजून नारळाएवढा झाला. मी निक्षून सांगितलं की आता हिवाळा संपेपर्यंत अंगणात पाऊल टाकायचं नाही. ते काही बोलले नाहीत. आणि ते काही बोलत नाहीत तेव्हा त्यांच्या डोक्यात काय शिजत असतं, हे तुझ्यामाझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. दोन दिवसांनी मी बाजारातून आले, तर शेजारचे बसवाले आणि बाबा मिळून ते कपाट मागच्या खोलीत ढकलत होते. तीच, कपडे धुवायचं मशीन आहे ती. बसवाल्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर फिरवली. वहिनी, मला फक्त हात लावायला सांगितलं होतं, म्हणाले.

आता तुझ्या बाबांचं काम कसं असतं ते तुला सांगायला नको. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिफ्टच्या दोऱ्या तपासल्या. एकही खिळा ढिला सोडला नाही. खिडकीची काच काढून तिथे प्लायवूड बसवलं, त्याला गोल भोक पाडलं, त्यातून कपडे वाळवायच्या मशीनचा तो वळवळता पाइप बाहेर काढला आणि सगळ्या फटी माझ्या जुन्या दुलईच्या चिंध्यांनी इतक्या गच्च बुजवल्या की मुंगीला शिरायला जागा उरली नाही. घराच्या बाकीच्या खिडक्या तर त्यांनी थंडीआधीच रबरी पट्ट्या लावून बंद केल्या होत्या. त्यांना त्याचा केवढा अभिमान होता. मेणबत्ती घेऊन घरभर फिरले आणि ज्योत कुठेच हलत नाही हे मला दाखवलं. मीही कौतुक केलं. घर ऊबदार झालं होतं, हे खरंच.

पहिले काही दिवस धूर सरळ बाहेर गेला. बाबा खुर्ची टाकून आतच बसायचे, थर्मामीटर बघायचे, रेडिओ ऐकायचे. मला वाटलं, चला, निदान डोळ्यांसमोर आहेत. मग वारा पडला आणि कडाक्याची थंडी बसली. बाहेरच्या झाडाचं पान हलत नव्हतं. त्या दिवसापासून धूर उलटा यायला लागला. विशेषतः मी स्वयंपाकघरात गॅसवरचा पंखा लावला की मागच्या खोलीचं दार उघडायची सोय नाही, भसकन धूर घरात. पडद्यांना वास, उशांना वास. मी तळण करताना बाबा आतून ओरडायचे की पंखा बंद कर, आणि मी इकडून ओरडायची की धुराडं बंद करा. आमचं दोघांचं इतकं बोलणं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं, म्हणून मला त्याचं फारसं वाईटही वाटत नव्हतं बघ.

बाबांनी त्यावर तोड काढली. लाकडाच्या भुशाने धूर होतो ना, मग भुसा कमी करायचा आणि कोळसा वाढवायचा. कोळसा रसरसला की धूर दिसत नाही. उष्णता वाढली की पाइपही चांगला ओढेल, असा त्यांचा हिशेब. आणि खरंच धूर दिसेनासा झाला. ते विजयी चेहऱ्याने मला बोलवून दाखवायला लागले. डोळे चुरचुरत नाहीत, वास नाही, बघ कसं स्वच्छ. मी बघितलं. स्वच्छच होतं.

त्या दिवशी सकाळपासून माझं डोकं जड होतं. बाबांचंही दुखत होतं. थंडी बाधली म्हणून आम्ही आल्याचा काढा घेतला आणि दार-खिडक्या आणखी घट्ट लावल्या. दुपारच्या जेवणाचं बघायचं म्हणून मी पंखा लावून गॅसपाशी उभी राहिले, तर मळमळायला लागलं आणि पायांतलं बळ गेल्यासारखं झालं. मी खुर्चीवर टेकले. आणि का कुणास ठाऊक, मला वाटलं, सूनबाईला फोन करावा आणि एकदाचं विचारून टाकावं की हा पंखा आणि ते धुराडं एका घरात कसे नांदवायचे.

सूनबाई म्हटलं तर तुला खुपेल, माहीत आहे. कागदोपत्री ती आता माझी सून नाही. पण माझ्या तोंडात दुसरा शब्द बसत नाही, आणि ती मला अजून आईच म्हणते. आम्ही अधूनमधून फोनवर बोलतो. तुझ्याबद्दल नाही, तिच्या कामाबद्दल, माझ्या गुडघ्यांबद्दल. बाबांशी मात्र ती बोलायची नाही. ते फोन मागायचे आणि तिला नेमकी घाई असायची. तेव्हा मला त्याचं कारण उमगलं नव्हतं.

तिचं काम तेच ना, हॉटेलांच्या भटारखान्यांत धूर बाहेर काढायचे पाइप आणि पंखे बसवायचं. म्हणून मी अगदी सहज विचारलं की आमचा पाइप उलटा का वाहतो. ती हसत होती. बाबांनी धुराडं घरात आणलं हे ऐकून तर मोठ्याने हसली. मग तिने विचारलं, आत लाकूड आहे की कोळसा. मी म्हटलं, कोळसा, आता धूर अजिबात नाही. तिने विचारलं, बाबा कुठे आहेत. म्हटलं, तिथेच आहेत, दार लावून बसलेत, सकाळपासून आमची दोघांचीही डोकी दुखताहेत. तिचं हसणं थांबलं. मग ती ज्या आवाजात बोलली तो आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

“आई, फोन खाली ठेवा आणि उठा. मागचं दार सताड उघडा. बाबांना ओढत बाहेर काढा आणि तुम्हीही बाहेर थांबा. परत आत जायचं नाही, काहीही झालं तरी. रुग्णवाहिका मी बोलावते.”

मी का, कशाला काही विचारलं नाही. तिच्या आवाजातच असं होतं की मी उठले. मधल्या दारापर्यंतची ती चार पावलं मला डोंगर चढल्यासारखी वाटली. दार उघडलं तर बाबा खुर्चीत छातीवर मान टाकून बसलेले, गाल लालबुंद, जणू उन्हातून आलेत. रेडिओ चालू होता. मी हाक मारली तर डोळे न उघडता म्हणाले, पाच मिनिटं. मी अंगणाचं दार उघडलं, थंड हवेचा लोट आत आला, आणि त्यांच्या काखेत हात घालून ओढायला लागले. ते उठेनात. माझेही हात कापसाचे झाले होते. मी दारातूनच बसवाल्यांना हाक मारली. ते त्यांच्या दारासमोरचा बर्फ काढत होते. फावडं तिथेच टाकून कुंपणावरून उडी मारून आले. एवढा अवाढव्य माणूस कुंपणावरून उडी मारतो हे मी त्या दिवशी बघितलं. त्यांनी बाबांना लहान पोरासारखं उचललं आणि आपल्या घरी नेलं. मला त्यांच्या बायकोने धरलं. तिच्या ओसरीवर बसून मी ओकले आणि मग मला इतकी थंडी वाजायला लागली की दोन घोंगड्यांनी भागेना.

इस्पितळात आम्हा दोघांच्या तोंडाला प्राणवायूचे मुखवटे लावले. माझा संध्याकाळीच काढला, बाबांचा दुसऱ्या दिवशी सकाळी. तिथली डॉक्टरीणबाई तरुण होती आणि फार गोड होती, पण तिने लपवाछपवी केली नाही. म्हणाली, बंद जागेत कोळसा जळला की त्यातून जो वायू निघतो त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला वाटतं आपल्याला झोप येतेय. तुमचे यजमान आणखी थोडा वेळ तिथे बसले असते तर उठले नसते. आणि तुम्ही त्यांना उठवायला गेला नसतात, कारण तोवर तुम्हीही झोपला असतात. मी ते ऐकलं, मान डोलावली, आणि मग तिचाच हात धरून बराच वेळ रडले. बाबांचा मुखवटा काढल्यावर पहिली गोष्ट त्यांनी काय विचारली असेल? मासे कुणी उतरवले का. डॉक्टरीणबाई म्हणाली, मासे गेले, आजोबा, तुम्ही राहिलात. तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. इतका वेळ त्यांना काही झालंय हेच पटलं नव्हतं.

तुला तेव्हा कळवलं नाही. रागावू नकोस. मी फोन हातात घेतला होता, पण बाबांनी मानेनेच नाही म्हटलं. मला वाटलं, आधी त्यांना धड होऊ दे. डोकं, हृदय, सगळं तपासून झालं. सगळं ठीक निघालं. आता ते माझ्याहून जास्त जेवतात.

सूनबाई त्याच संध्याकाळी आली. तिच्या गावाहून कामाची व्हॅन घेऊन, अंगावर तोच निळा डगला, हातांना काळं लागलेलं. बाबांच्या खाटेशी स्टुलावर बसली. मला वाटलं, आता झाडणार. तिला हक्क होता. पण ती त्यांचा सुई टोचलेला हात मांडीवर घेऊन बसली. बाबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते धुराचं होतं असं ते आजही म्हणतात. इस्पितळात कसला आलाय धूर!

घरी आल्यावर बाबांनी मागच्या खोलीला कुलूप लावलं. बसवाल्यांना सांगितलं की कपाट भंगारवाल्याला देऊन टाका. आणि पुढच्या खिडकीत बसून राहायला लागले. रेडिओ नाही, वर्तमानपत्र नाही. मी जेवायला बोलावलं की यायचे, वाढलेलं खायचे. इस्पितळात मला जी भीती वाटली नव्हती ती मला तेव्हा वाटायला लागली. सगळ्या गावाच्या लिफ्टा ज्याने सांभाळल्या, त्याच्या हातून आपल्याच बायकोचा जीव जाणार होता, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. मी किती समजावलं. मी ठणठणीत आहे हे दाखवायला त्यांच्यासमोर जिने चढउतार केले. काही उपयोग झाला नाही. शेवटी मी सूनबाईला सांगितलं. ती म्हणाली, कपाट भंगारात द्यायचं नाही, मी सुट्टीच्या दिवशी येते, आपण ते नीट करू.

ती आली ती पत्र्याचे सरळ पाइप, एक पंखा आणि शिडी घेऊन. बाबांकडून कुलपाची किल्ली मागितली. त्यांनी दिली नाही. मग म्हणाली, बाबा, मला एकटीला एवढा पाइप धरता येत नाही, शिडी कोण धरणार? ते उठले आणि चपला बदलायला गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन देवाचे आभार मानले.

काम दिवसभर चाललं. मधलं दार उघडं होतं, त्यामुळे मी बटाटे सोलता सोलता सगळं बघत होते. तिने आधी कोळशाची पिशवी उचलून व्हॅनमध्ये टाकली. कोळसा आता या घरात कधीच येणार नाही म्हणाली. निखाऱ्यांच्या तबकाच्या जागी विजेची शेगडी बसवली, वर भुशाची छोटीशी ताटली. कपाटाच्या डोक्यावर पत्र्याची टोपी केली, तिथून पाइप सरळ वर नेऊन भिंतीतून बाहेर काढला आणि छपराच्याही वर नेला. पंखा बसवला तो पार बाहेरच्या टोकाला, म्हणजे सगळा पाइप आतली हवा ओढत राहील आणि जोडातून कुठे धूर गळणार नाही. समोरच्या भिंतीत खाली जाळीची खिडकी ठेवली. बाबांना ते पटेना. एवढी थंडी आत घ्यायची? ती म्हणाली, जेवढी हवा बाहेर जाईल तेवढी आत यायलाच हवी. तुम्ही घर इतकं छान बंद केलंत की आईंच्या पंख्याला हवा मिळेना, मग त्याने ती तुमच्या धुराड्याच्या पाइपातूनच ओढली. यात तुमची चूक म्हणजे तुमचं काम फार पक्कं होतं. बाबा पहिल्यांदा हसले. अर्धवट, पण हसले.

आणि त्या हसण्यामुळेच त्यांना बोलायचा धीर आला असावा. ती शिडीवर होती, ते खाली शिडी धरून. त्यांनी तुझा विषय काढला. म्हणाले, पोरी, तुझ्यासारख्या मुलीला त्या गाढवाने सोडलं, मी त्याला कधी माफ करणार नाही. त्याला मी या घरात पाऊल टाकू दिलेलं नाही, तू निर्धास्त ये-जा कर. हे त्यांनी तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं बघ. दोन वर्षांपूर्वीचं ते जेवण तू विसरला नसशील. ‘मीच तिला म्हटलं, वेगळे होऊ,’ असं तू भिंतीकडे बघत म्हणालास, आणि बाबा म्हणाले की मग या घरातही तुझं काम नाही. तू ताट धुऊन पालथं घातलंस आणि गेलास. मी फाटकापर्यंत मागे आले तर म्हणालास, जाऊ दे, आई.

ड्रिलचा आवाज बंद झाला. सूनबाई शिडीवरून उतरली, हातमोजे काढले. मी बटाटा हातात धरून तशीच उभी.

“बाबा, त्याने मला सोडलं नाही,” ती म्हणाली. “मी सोडलं. त्याने फक्त होकार दिला.”

बाबांनी शिडी सोडली नाही. शिडीवर कुणी नव्हतं तरी ती घट्ट धरून उभे होते. ती सांगत होती, की तो वाईट नव्हता, भांडण नव्हतं, आम्ही दोघं एकमेकांशी नुसते चांगले वागत होतो, वर्षानुवर्षं, आणि मला त्यात गुदमरायला लागलं. मीच म्हटलं, वेगळे होऊ. तो दोन दिवस गप्प होता, मग म्हणाला, ठीक आहे. बाबांनी विचारलं, मग त्याने इथे येऊन तसं का सांगितलं? आता ती काय म्हणाली ते मी शब्दन् शब्द लिहिते, कारण तू ते तिच्या तोंडून ऐकलेलं नाहीस.

“तो म्हणाला, मी मुलगा आहे, माझ्यावर ते कितीही चिडले तरी शेवटी तोडणार नाहीत. तुला मात्र तोडतील, आणि तुला वडील नाहीत. म्हणून त्याने स्वतःवर घेतलं. आणि मी घेऊ दिलं. म्हणूनच मला तुमच्याशी फोनवर बोलायला तोंड नव्हतं.”

बाबा अंगणात गेले. टोपी नाही, मफलर नाही, सुजलेला गुडघा घेऊन त्या बर्फात जाऊन उभे राहिले, पाठ आमच्याकडे. मी मागे जायला निघाले तर सूनबाईने मला थांबवलं. मला वाटलं, आता हिच्याशी बोलायचे नाहीत, हीदेखील गेली. मी मनातल्या मनात तुम्हा तिघांना शिव्या घातल्या, खोटं कशाला सांगू. बऱ्याच वेळाने ते आत आले. कान लाल, नाक लाल. सरळ शिडीपाशी गेले, शिडी धरली आणि म्हणाले, चढ, अजून वरचा जोड राहिलाय. बस, एवढंच. पण संध्याकाळी ती निघाली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले की पुढच्या महिन्यात पंखा तपासायला यावं लागेल. पंख्याला पुढच्या महिन्यात काहीही होणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती येईन म्हणाली.

ती जाण्याआधी त्या दोघांनी चाचणी घेतली. कागदाची सुरळी पेटवून विझवली आणि तिचा धूर टोपीखाली धरला. धूर आज्ञाधारक पोरासारखा वळला आणि वर गेला. बाबांनी मला स्वयंपाकघरातला पंखा लावायला सांगितला, बंद करायला सांगितला, दारं उघडायला लावली, मिटायला लावली. प्रत्येक वेळी सुरळी धरून बघत राहिले, अगदी लिफ्ट पास करताना बघायचे तसे. मागच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात भोंगे बसवलेत, ते त्या वायूचा मागमूस लागला तरी बोंबलतील. त्यांचीही बटणं दाबून बघितली. शेजारची कुत्री भुंकायला लागली. मला हसू आवरेना, आणि हसता हसता लक्षात आलं की किती तरी दिवसांनी माझी छाती मोकळी झालीय. काल त्यांनी पहिलं चीज काढलं. वरून तांबूस झालंय, आत मऊ. पडद्यांना वास नाही.

सूनबाई गेली त्या रात्री अंथरुणावर त्यांनी मला विचारलं, तुला हे माहीत होतं? मी म्हटलं, माहीत नव्हतं, पण अंदाज होता, आपला ठोंब्या खोटं बोलताना भिंतीकडे बघतो. मग सांगितलं का नाहीस, म्हणाले. मी विचारलं, तुम्ही ऐकलं असतंत? ते कूस बदलून झोपले. झोपले म्हणजे काय, पहाटेपर्यंत उसासे चालले होते.

आता हे सगळं मी का लिहिलं ते सांगते. बाबा रविवारी तुझ्याकडे येताहेत. सकाळच्या बसचं तिकीट त्यांनी स्वतः जाऊन काढलं. बसवाल्यांचीच बस आहे, ते नीट उतरवून देतील. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाले. तुला कळवू नकोस असंही बजावलंय, पण तू दार उघडून दगडासारखा उभा राहशील या भीतीने मी कळवतेय. गेले चार दिवस ते न्हाणीघरात नळ सोडून काहीतरी पाठ करताहेत. नळाच्या आवाजातून मला एकेक शब्द ऐकू येतो, तो इथे लिहीत नाही, तो त्यांचा आहे. आधी मी ठरवलं होतं, तुला लिहावं की म्हातारा माणूस आहे, त्यांना अडखळायला लावू नकोस, लगेच आत घे. पण नको. तू लगेच ‘जाऊ द्या, बाबा’ म्हणशील, आणि त्यांचं ते तोंडातच राहील, आणि तुझंही. तेव्हा मी सांगते तसं कर. दारातच उभा राहा, गप्प राहा आणि त्यांना शेवटपर्यंत बोलू दे. वेळ लागेल. मग आत घे आणि आधी त्यांचे बूट काढ, गुडघा अजून वाकत नाही.

तुझीच,
आई